दहा फ्रंट रोल

आमची पोस्ट साडेपंधरा हजार फुटांवर होती. माणसं आठ, बंकर दोन, ऊब देणारी रॉकेलची बुखारी एक. मी हवालदार आणि पोस्ट कमांडर. माझ्यानंतर नाईक वैजनाथ, जिंतूर तालुक्यातला. मी सेलूचा. आम्ही दोघे एकाच भरतीत मैदानावर पळालो होतो, त्यामुळे चारचौघांत तो मला साहेब म्हणायचा आणि एकटे असलो की उत्तमराव. ट्रेनिंग संपवून चार महिने झालेला शिपाई मुंजाजी वर आला आणि परभणी जिल्ह्याचे आम्ही तिघे झालो. तो येलदरीचा, धरणात मासेमारी करणाऱ्या घरातला. वय एकोणीस. त्याच्याकडे रेडिओ सेट दिला होता.

आता हे लिहायला बसलो याला कारण आहे. रिटायर झाल्यावर मी देवगाव फाट्याजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये यार्ड सांभाळतो. मालक म्हणाले, नवीन सुपरवायझर लोकांना हाताखालच्या पोरांशी कसं वागायचं ते तुम्ही सांगा, तुम्ही मिलिटरीवाले. मिलिटरीवाला म्हणजे दरडावणारा माणूस, असा त्यांचा समज असावा. मला भाषण जमत नाही. मी कुठं चुकलो ते मात्र नीट सांगता येतं.

पोस्टवरचा दिवस ठरलेला होता. ०५३० ला सगळे शस्त्र घेऊन स्टँड टू, मग चहा, ०७०० ला खालच्या बेसशी रेडिओ चेक, संध्याकाळी १८०० ला दुसरा. त्या थंडीत बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते. म्हणून नियम असा, की ऑपरेटरने दोन्ही स्पेअर बॅटऱ्या कापडी पाऊचमध्ये घालून बनियनच्या आत, अंगाला लावून ठेवायच्या. झोपतानाही तिथंच. तान्ह्या लेकराला जपावं तसं, असं वैजनाथ नव्या पोरांना समजावून सांगायचा. मी नुसता नियम सांगायचो.

एका संध्याकाळी मुंजाजीचा १८०० चा कॉल सहा मिनिटं उशिरा गेला. हातमोज्यात बोटं आखडली होती, बटण दाबलं जात नव्हतं. बेसने विचारलं, पोस्ट गप्प का? प्रश्न मला विचारला होता, म्हणून तो मला झोंबला. मी सगळ्यांना बाहेर रांगेत फॉलिन केलं आणि सगळ्यांसमोर त्याची हजेरी घेतली. शेवटी म्हणालो, "तुझं काम हे न्हाई. घरी जा आणि मासे धर." दोघे-तिघे हसले. मग मी त्याला बर्फात दहा फ्रंट रोल, म्हणजे कोलांट्या, मारायला लावले. त्याने मोजून दहा मारले. उठला तेव्हा कॉलरमधून आत बर्फ गेलं होतं आणि त्याचं तोंड लाल झालं होतं. मला वाटलं, थंडीनं झालं असेल.

मागच्या बाजूला रॉकेलचे जेरीकॅन मोजताना वैजनाथ माझ्याबरोबर आला.

"उत्तमराव, रागवायचं तर रागवा. पण बाजूला नेऊन रागवावं."

"तू त्याची माय हायेस का?"

"न्हाई. पण उद्या त्याच्याकडून काही चुकलं तर त्यानं कुणाला सांगायचं? तुमच्याकडं तर तो येत न्हाई आता."

"चूकच करू नये."

तो पुन्हा कॅन मोजायला लागला. वैजनाथ वाद घालायचा नाही. एकदा सांगायचा आणि कामाला लागायचा. मी मात्र मनात म्हणालो, फार लाड करतो हा.

दुसऱ्या दिवशी गस्तीचं पेट्रोलिंग होतं. पुढच्या पोस्टवर औषधं पोचवायची आणि १३०० पर्यंत परत. आम्ही पाच जण ०६४० ला निघालो. दोरावर सगळ्यात पुढं वैजनाथ, मग मी, माझ्यामागं सेट घेऊन मुंजाजी, शेवटी दोन जवान. आकाश निरभ्र होतं. ०७०० चा चेक वाटेतच उरकला आणि बॅटरी वाचवायला सेट बंद ठेवला. ०८१५ ला पहिला हॉल्ट झाला. मी वळून विचारलं, "सेट?"

मुंजाजी क्षणभर थांबला. मग म्हणाला, "ओके, उस्ताद."

सेट ओके नव्हता. फ्रंट रोलमुळे त्याचं बनियन आतून भिजलं होतं. रात्री त्याने ते काढून बुखारीवर वाळत टाकलं आणि बॅटऱ्यांचा पाऊच तिथंच खुंटीला अडकवला. सकाळच्या घाईत दुसरं बनियन घातलं आणि पाऊच पाठीवरच्या पिट्ठूत कोंबला. हॉल्टला त्याच्या लक्षात आलं, की बॅटऱ्या अंगाला लागत नाहीत. तेव्हा बोलला असता, तर आम्ही त्या माझ्या किंवा वैजनाथच्या बनियनमध्ये घातल्या असत्या आणि पाऊण तासात ऊब आली असती. पण बोलायचं कुणाला, तर मला. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर ज्यानं त्याची इज्जत काढली त्याला.

०९५० ला वैजनाथच्या पायाखालचा उतार सरकला. मोठा हिमकडा नव्हता, अंगणाएवढा तुकडा होता. दोर ताणला, आम्ही चौघांनी बर्फाच्या कुऱ्हाडी रोवून पकडला, पण तो खालच्या खडकावर आपटला होता. बाहेर काढायला बारा मिनिटं लागली. शुद्धीवर होता. मांडीचं हाड मोडलं होतं आणि पोटाला हात लावू देत नव्हता. मी कॉल द्यायला सांगितलं.

"बेस, बेस, कॅज्युअल्टी वन..." एवढंच गेलं. सेट बंद पडला. मुंजाजीने पिट्ठू उघडून पाऊच काढला. दोन्ही बॅटऱ्या दगडासारख्या गार होत्या. त्याने माझ्याकडं पाहिलं. मी ओरडलो नाही. ओरडायला तोंडच उरलं नव्हतं.

एक बॅटरी मी काखेत धरली, दुसरी मागच्या जवानाने. पूर्ण निरोप गेला तेव्हा ११०५ झाले होते. हेलिकॉप्टर उडालं, आम्हाला आवाजही ऐकू आला. पण ११४० ला खोऱ्यात ढग भरले आणि आवाज परत फिरला. तो एक तास आमच्या हातात होता. तो कुठं गेला हे मला आजही मिनिटांसकट सांगता येतं.

वैजनाथला आम्ही सगळ्यांचे कोट घालून निवाऱ्याला ठेवलं होतं. साडेबाराच्या सुमारास तो मला म्हणाला, "उत्तमराव, तुमी जरा तिकडं व्हा. मला त्या पोराशी बोलायचंय."

मी दहा पावलं लांब जाऊन पाठ फिरवून उभा राहिलो. दोन-तीन मिनिटं तो बोलत होता. मुंजाजी गुडघ्यावर बसून मान हलवत होता. शब्द ऐकू आले नाहीत आणि तेच त्याला हवं होतं. मरायला टेकलेल्या माणसानंसुद्धा पोराला बाजूला घेतलं. १३१० ला वैजनाथ गेला.

चौकशीत मुंजाजीने बॅटऱ्यांचं सगळं खरं सांगितलं, कुणी न विचारता. मग मीही माझ्या जबाबात फ्रंट रोल लिहिले, बनियन लिहिलं आणि वैजनाथ मला काय म्हणाला होता तेही लिहिलं. शिक्षा मला झाली आणि ती बरोबर होती. त्यानंतर सतरा वर्षं नोकरी केली. पोरांवर रागावलोही भरपूर, त्याशिवाय पलटण चालत नाही. पण दुसऱ्या कुणाच्या कानावर जाईल असं पुन्हा कधी रागावलो नाही.

जिनिंगमध्ये बर्फ नाही, तिथं आगीची भीती आहे. कापसाच्या गंजीत लोखंड गेलं आणि मशीनपर्यंत पोचलं, तर एक ठिणगी पुरते. म्हणून पाना-पक्कडीसारख्या प्रत्येक हत्याराची नोंद मी गेटवर ठेवतो. आमचा शिफ्ट सुपरवायझर सचिन, वय सव्वीस, कामाला वाघ, पण आवाज मोठा. मागच्या महिन्यात त्याने एका हमालाला सगळ्या गँगसमोर नको ते सुनावलं. त्या संध्याकाळी मी त्याला चहाला नेलं आणि वैजनाथची ही हकिकत सांगितली. तो ऐकून उठला आणि यार्डात निघून गेला. मला वाटलं, म्हातारा बोअर करतो असं म्हणत असेल.

गेल्या आठवड्यात दुपारी दोनच्या सुमारास हरी माझ्याकडं धावत आला. नवीन पोरगा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, कामावर लागून तीन आठवडे झालेला.

"काका, माझ्याकडून पाना पडला. कापसात गेला वाटायलंय. लय हुडकला, सापडंना."

"मशीनकडं गेला का?"

"म्हाईत न्हाई. म्हणून तर पळत आलो."

मी मेन स्विच पाडला. सगळा आवाज बंद झाला आणि गँग जागच्या जागी उभी राहिली. सचिन ऑफिसातून तरातरा आला. पन्नास माणसं बघत होती. सचिनने तोंड उघडलं, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मिटलं.

"हरी, इकडं ये जरा," तो म्हणाला आणि त्याला वजनकाट्याच्या मागं घेऊन गेला.

तीन मिनिटांनी दोघे आले. हरीचे डोळे ओले होते, पण मान वर होती. तो आल्या आल्या गंजीत उतरला. मग सचिन उतरला, मग गँग. पाना १६१० ला, म्हणजे सिव्हिलच्या भाषेत चार वाजून दहा मिनिटांनी सापडला, कापूस ओढणाऱ्या पाइपच्या तोंडापासून दोन हातांवर. हरीनेच काढला आणि माझ्याकडं आणून दिला. मी नोंदवहीत जमा लिहिलं आणि त्याचीच सही घेतली.

संध्याकाळी मी सचिनला विचारलं, "काय बोललास रे त्याला?"

"ते आमच्या दोघांतलं हाय, काका."

त्यापुढं मी काही विचारलं नाही. मुंजाजी आज स्वतः हवालदार आहे. दरवर्षी वैजनाथ गेला त्या तारखेला त्याचा फोन येतो. आम्ही पाऊसपाणी बोलतो, येलदरीत पाणी किती ते बोलतो. वैजनाथ त्याला काय म्हणाला ते त्याने मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या बोलण्यावर मुंजाजी नोकरी सोडून गेला नाही, उभा राहिला, एवढं मला पुरतं.

त्या दिवशी घरी जाताना मोटारसायकल फाट्यावर थांबवली आणि फोन केला. ती तारीख नव्हती, म्हणून मुंजाजी घाबरला. "काय झालं, उस्ताद?"

मी म्हणालो, "काही न्हाई. आज एका पोरानं वेळेवर सांगितलं."

तो म्हणाला, "वैजनाथ साहेबांना कळवतो," आणि फोन ठेवला.