हौशाची शेंबी

पोळ्याच्या सकाळी चिंचेने पितळ घासताना आंबट, कडवट वास सुटतो आणि मी पंचवीसेक वर्षांमागच्या खोडदच्या वावरात जाते. पुरलेली केबल शोधायला आलेल्या साहेबांचं यंत्र बांधाजवळ किरकिरलं. उकरल्यावर हिरवं पडलेलं, टोकदार टोपण निघालं.

"भाल्याचं टोक. शिवकालीन असणार," साहेब म्हणाले.

सासऱ्यांनी ते बोटावर चढवून पाहिलं. "भाला न्हाई, पावणं. बैलाच्या शिंगाची शेंबी हाय. आमचा हौशा हितंच पुरलाय."

साहेब लगेच जोडीची दुसरी शोधायला लागले. सासऱ्यांनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. एक आमाला, एक त्याला."

आता दारात ट्रॅक्टर आहे. तरी दर पोळ्याला आमची शेंबी मी लख्ख करते. त्याची तिकडे हिरवीच असेल.