बर्फाची हद्द मोजणारे साडू

बर्फ वितळतो कसा, हे बघायला दर भाद्रपदात हिमालयात जाणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हा माझ्या कुंडलीतला दोष आहे. मी स्वतः बर्फवाला. आष्टीत गोळ्याच्या हातगाडीपासून सुरुवात केली. नगरहून एस.टी.च्या टपावर गोणपाटात गुंडाळून लादी आणायचो, ती येईपर्यंत निम्मी व्हायची, आणि त्या उरलेल्या निम्मीवर मी संसार उभा केला. पुढं स्वतःचा बर्फाचा कारखाना टाकला. दुधाच्या सहकारी संस्थेला माझा बर्फ, मासेवाल्याला माझा, सोडावाल्याला माझा, लग्नाला माझा आणि लेक लांबून यायची असली तर मयतालाही माझाच. आमच्याकडच्या उन्हात सावलीला ठेवलेलं लोखंड हाताला चटका देतं. तिथं मी दगडासारख्या लाद्या पाडत होतो. पण मला कुणी कधी शालनारळ दिला नाही. साडूंना मात्र, असलेला बर्फ नाहीसा होताना नुसता बघून आले म्हणून तालुक्यात दरसाल दोन सत्कार ठरलेले.

मूळचे ते मोजणीखात्यातले. शेताच्या बांधावर साखळी टाकून हद्दीच्या खुणा रोवण्यात उमेदीची वर्षं गेली. पुण्याच्या काही गिर्यारोहकांची एक तुकडी दरवर्षी एकाच हिमनदीवर जाते. तिचं टोक यंदा कुठं आलंय ते मोजायचं, दरसाल त्याच दगडावर उभं राहून फोटो काढायचा आणि बर्फ किती मागं सरकला ते खाली येऊन सांगायचं, असं त्यांचं काम. त्यातल्या एकाची आष्टीजवळ वडिलोपार्जित जमीन होती आणि भावकीशी तिचा जुना वाद होता. साडूंनी तो एका सकाळीत मोजून मिटवला. तो गिर्यारोहक खूष होऊन म्हणाला, "आमच्याबरोबर चला, तिथंही हद्दीचाच वाद आहे." तो थट्टेनं बोलला असणार. साडू रजेचा अर्ज टाकून मोकळे झाले. तेव्हापासून निवृत्तीनंतरही त्यांची वारी चुकली नाही, आणि हिमालयाबद्दल ते ज्या भाषेत बोलतात ती ऐकून तलाठ्यालासुद्धा घाम फुटेल. "यंदा बर्फानं आणखी हद्द सोडली. कब्जा दगडाचा हाय." एका सत्काराच्या सभेत कुणीतरी विचारलं, "मग अपील करता येत न्हाई का, साहेब?" साडू गंभीरपणे म्हणाले, "करता येतं. पर सामनेवाला आपणच हावोत."

या वाक्याला टाळ्या पडल्या. मी त्या सभेला मोफत बर्फ पुरवला होता, सरबतासाठी. माझं नाव आभारात घ्यायचं राहिलं.

साडूंची तयारी वैशाखात सुरू होते. डोक्याला लोकरीची माकडटोपी, पायात गुडघ्याला टेकतील असे बूट, पाठीवर ज्वारीचं अर्धं पोतं, आणि असा हा माणूस दूध संस्थेच्या आवारातल्या पायऱ्यांच्या विहिरीत भर उन्हात खाली-वर करतो. दुधाच्या किटल्या घेऊन येणाऱ्या म्हशीवाल्या बायका सुरुवातीला घाबरायच्या. मग सवय झाली. एकीनं तर आपल्या सुनेला सांगितलं म्हणे, "त्यांच्याकडं बघू नको. ते हिमालयात हायत." पायऱ्या चढता-उतरता वेळ फुकट जाऊ नये म्हणून ते दर सोमवारी पाणी जिथं टेकलं असेल त्या पायरीवर लाल रंगानं खूण करून तारीख घालायचे आणि काठावरच्या एका ठरलेल्या दगडावरून फोटो काढायचे. खूण करायचं त्यांना व्यसनच आहे. अंगणातल्या लिंबाची सावली संक्रांतीला कुठवर येते याचीही खूण आहे. चकलांब्याला आमच्या सासुरवाडीत दर दिवाळीला ते सगळ्या जावयांचा एकाच खांबाशी उभं करून फोटो काढतात. एका दिवाळीला त्यांनी माझे पाच वर्षांचे पाच फोटो ओसरीवर ओळीनं मांडले आणि कपाळावरून बोट फिरवत, अख्ख्या घरादारासमोर म्हणाले, "साडूभाऊ, तुमचीपण हद्द मागं चालली." त्या वर्षीचा फराळ मी अर्धवट सोडून आलो.

सासुरवाडीचं दुखणं तर निराळंच. तिथल्या प्रत्येक लग्नात, बारशात, मी अख्ख्या लाद्या पाठवल्या, भुशात नीट घालून, टेम्पोचं भाडंही न घेता. सासूबाईंनी काय म्हणावं? "ओसरी वली झाली की वो सगळी. लेकरं घसरतेत." आणि साडूंनी पहिल्या वर्षी हिमनदीच्या तोंडचं पाणी एका प्लास्टिकच्या बाटलीत आणून दिलं, तर तीच माउली ती बाटली देव्हाऱ्यात ठेवून तिला रोज हळदकुंकू वाहू लागली. मी एकदा न राहवून म्हणालो, "आई, तेबी बर्फाचंच पाणी हाय अन् हेबी बर्फाचंच." त्या म्हणाल्या, "त्यो देवानं केलेला बर्फ हाय, जावईबापू." त्यावर काय भाव करणार?

भाव करणं हा माझा धर्म आहे. कांद्याच्या पातीपासून कॉम्प्रेसरपर्यंत मी पहिल्या किमतीला कधी काही घेतलेलं नाही. साडूंना हा प्रकारच ठाऊक नाही. एकदा त्यांचे बूट फाटले म्हणून मी त्यांना नगरला घेऊन गेलो. दुकानदाराशी मी तासभर झुंजलो. चामड्यात खोट काढली, शिवण उसवून दाखवली, बापाचं नाव विचारलं, शेवटी हुकमी एक्का म्हणून "चला हो साडूभाऊ" म्हणत तरातरा बाहेर पडलो. दुकानदार मागून हाक मारणार हे मला माहीत होतं. मी पानाच्या ठेल्याजवळ उभा राहून वाट बघितली. हाक आली नाही. मागं वळून बघतो तर साडू आत बसून बुटाची नाडी बांधताहेत आणि दुकानदार त्यांना चहा पाजतोय. सांगितलेली किंमत त्यांनी देऊन टाकली होती. "अहो, आणखी उतरला असता तो," मी ओरडलो. साडू म्हणाले, "उतरला असता. पर त्याचंबी बरोबर हाय की. बूट चांगले हायत." परतीच्या एस.टी.त मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांना ते पाथर्डी फाटा गेल्यावरही कळलं नव्हतं.

दरसाल परतल्यावर ते संस्थेच्या हॉलमध्ये पडद्यावर फोटो दाखवायचे. एकच डोंगर, एकच दगड, दगडाला टेकवलेली तीच काळी छत्री, आणि मागं बर्फ दर फोटोला जरासा लांब. यात बघण्यासारखं काय आहे हे मला कधी कळलं नाही. पण ज्यांच्या घरी चार दिवसांआड टँकरचं पाणी, ती माणसं श्वास रोखून ते बघत बसायची. दिंद्रुडहून सोयरिकीला आलेले एक म्हातारेबाबा एकदा उठून म्हणाले, "सायेब, एवढं पाणी वितळून जातंय कुठं?" साडू म्हणाले, "गंगेला." "मग आपल्याकडं कावून न्हाई येत?" सगळे हसले. साडू हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर खडूनं नकाशा काढून ते कसं जातं, आपला पाऊस कुठून येतो, हे म्हाताऱ्याला जेवणवेळ होईपर्यंत समजावलं. म्हातारेबाबा जाताना त्यांच्या पाया पडायला लागले. मी मागच्या रांगेत बसून होतो. माझ्या पाया पडायला आजवर फक्त उधारी मागणारे आले आहेत.

मग तो दुष्काळ आला. माझ्या कारखान्याची बोअर आटली. दुसरी घेतली, तिच्यातून नुसता फुफाटा आला. शेवटी संस्थेशी करार केला: विहिरीचं पाणी मला, बदल्यात दुधाला बर्फ फुकट. चार महिने नीट चाललं. पण गावोगावची जनावरं छावणीला आली, छावणी संस्थेच्या शेजारीच पडली, आणि सभासद कुरकुरायला लागले की, विहिरीचं पाणी गुरांना की बर्फाला? चेअरमननं सर्वसाधारण सभा लावली. पाणी तुटलं तर कारखाना बंद, आणि एकदा थंड पडलेला कारखाना पुन्हा उभा करायचं माझं वय राहिलेलं नव्हतं. त्या सभेत सगळंच पणाला होतं.

मी आयुष्यात हिशेबाला चुकलो नाही, पण तिथं चुकलो. मी विचार केला, या तालुक्यात बर्फाची माया असलेला माणूस कोण? साडू. लोक ऐकतात कुणाचं? साडूंचं. मग बर्फाच्या बाजूनं बोलायला त्यांच्याहून चांगला माणूस कुठं मिळणार? मी त्यांच्या घरी गेलो. सोबत लोकरीचा नवा स्वेटर नेला होता, वैशाखात. म्हणालो, "साडूभाऊ, सभेत विहिरीबद्दल दोन शब्द बोला. पाणी हाय, एवढंच सांगा. माझा बर्फ वाचला पायजे." त्यांनी स्वेटर उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "मोजून सांगतो." मी तो होकार धरला. तीस वर्षं ज्याच्या तोंडून दोन्ही बाजूच्या लोकांनी हेच दोन शब्द ऐकले, आणि ज्याच्या मोजणीनंतर सख्ख्या चुलत्याचाही बांध सरकला, त्या माणसाचा तो शब्द होता. मी सोडून सगळ्या तालुक्याला त्याचा अर्थ माहीत होता.

सभेत साडू उठले. त्यांनी टेबलावर फोटो मांडले, ओळीनं, जसे माझ्या कपाळाचे मांडले होते. एकच विहीर, एकच दगड, पायऱ्यांवरच्या लाल खुणा आणि पाणी दर सोमवारी खाली. "हिमनदीला मागं जायला वर्षं लागतेत," ते म्हणाले, "हिला आठवडा पुरतोय. बर्फ चालू ठेवला तर म्हैना. बंद केला तर गुरांना आषाढापर्यंत निघंल, तेबी मोजून वापरलं तर."

चेअरमन माझ्याकडं बघत हळूच म्हणाले, "आवो, पर तुमचे सख्खे साडू हायत ते."

"मोजणीत साडू बसत न्हाईत," साडू म्हणाले.

मी उठलो. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या हिमनदीपासून त्यांच्या माकडटोपीपर्यंत काही सोडलं नाही. कुठल्या तरी डोंगरावर कुणाच्या मालकीचा नसलेला बर्फ विरघळला तर हे देशभर सांगत फिरतात आणि घरच्या माणसाचा बर्फ हातानं मोडतात, असंही म्हणालो. साडू खाली मान घालून फोटो गोळा करत होते. हात वर झाले. पाणी गुरांना गेलं. ते आषाढापर्यंत पुरलं, कसंबसं, हेही सांगून टाकतो. नाहीतर दुसरं कुणीतरी सांगेलच.

सभेच्या तिसऱ्या दिवशी शेवटच्या लाद्या निघाल्या. कामगारांना सकाळीच घरी लावून दिलं होतं. कॉम्प्रेसर बंद केल्यावर जी शांतता झाली ती मी त्या जागेत कधी ऐकली नव्हती. बागवान फळवाला आला, म्हणाला, "शेठ, आखरी लादी मला द्या, सांगाल तो भाव." मी नाही म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. बागवानही दोनदा विचारून माझ्याकडं बघत निघून गेला. त्याच्या पाठोपाठ साडू दारात आले. एकटेच, रिकाम्या हातानं.

"बसू का?" त्यांनी विचारलं.

"बसा. तुमाला सवय हाय," मी म्हणालो.

ते उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसले, मी दुसऱ्यावर. मध्ये फरशीवर ती लादी. आरपार काचेसारखी. मी तीस वर्षं लाद्या पाडल्या, पण एकही शेवटपर्यंत बघितली नव्हती. तेवढा वेळ राहिली तर धंद्याचं नुकसान. आधी तिच्या कडा गेल्या. मग तिच्या पोटातून बारीक कुरकुर आवाज यायला लागला. साडूंनी मान वळवून कान दिला, ओळखीचं कुणी बोलावं तसा.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "तिकडंबी असाच आवाज येतो?"

"येतो. लई मोठा येतो." ते पुढं म्हणाले, "तिकडं बघून आलो की चार दिवस जेवण जात न्हाई. पर बोलायचं कुणाशी? ज्यानं केला त्यो तर काही बोलत न्हाई. इथं निदान करणारा शेजारी बसलाय." मग फरशीकडं बघत म्हणाले, "लादी चांगली व्हती तुमची, साडूभाऊ. बुडबुडा एक न्हाई. मी तिकडंबी इतका साफ बर्फ बघितला न्हाई."

तीस वर्षांत माझ्या बर्फाचं असं कुणी कौतुक केलं नव्हतं. मी काहीतरी बोलणार होतो. मान वर केली तर ते उपरण्याच्या टोकानं डोळे पुसत होते, अगदी उघडपणे, लाज न धरता. मला हुंदका आला नव्हता. येईल असं वाटत होतं, संध्याकाळपर्यंत, कुणी नसताना. माझ्या कारखान्यासाठी रडायचं तेवढं एक काम माझ्या वाट्याला राहिलं होतं, तेही साडूंनी माझ्या आधी उरकलं.