कडू ती खरी

सूप झाडलं की खाली तंबाखूचा चुरा साचतो ना, तसे आमच्या ओट्यावर किस्से साचतात. विड्या वळायला बसलेल्या बायका. हात कामात, तोंड रिकामं! मला अक्षर येत नाही, अंगठाच आहे माझा. पण कानावर पडलेलं कधी विसरत नाही. यंदाचे किस्से मात्र हसत सुरू झाले आणि पुढं घशातच अडकले.

*

पाऊस ओसरला की आमच्या गल्लीत हिवताप ठरलेला. सरकारी दवाखान्याची आशाताई सुनीता रक्त तपासायला आली की बायका दार लावून घ्यायच्या. बोटाला सुई टोचती म्हणून!

त्यात शंकर उगवला. मैंदर्गीकडचा तिशीतला गडी, मोटारसायकल, पाठीला गोळ्यांची बॅग. "मावशी, कंपनीचा डायरेक्ट माल! सुई न्हाय, रांग न्हाय, रोज बुडायचा न्हाय!"

सगळ्यात आधी घेतल्या आमच्याच ओट्यावरच्या रुक्साना भाभीनं. तिला म्हटलं, अगं, जरा विचार तरी कर. तर म्हणाली, "मरूंगी, पन सुई नक्को!"

*

पण आमी काय येड्या न्हाय. कारखान्यात आमच्या विड्या छाटतात, वाईट त्या बाजूला काढतात, तसा आम्हीही माल छाटूनच घेतो. शेजारची नरसम्मा तेलुगू बाई, तिच्या जिभेवर सगळ्या गल्लीचा भरोसा. ती म्हणाली, "हिवतापाची गोळी कडूच असती. कडू ती खरी."

सुपातला हात तसाच पुढं केला, गोळी चिमटीत धरली, जिभेला लावली. तोंड हे वाकडं! "चेदु! लई कडू!"

मग आम्हीही एकेकीनं चाटून बघितली. कडूजहर!

शंकर हसला. "मावशी, सरकार बी एवढं तपासत न्हाय!"

*

माझी सून गंगा, सहावा महिना चाललेला. तंबाखूच्या वासानं मळमळायचं म्हणून तिनं सुपाला हात लावणं सोडलं होतं. तिला थंडी भरली. अंगावर दोन चादरी, तरी खाली खाट वाजायची!

शंकरची गोळी दिली. तिनं स्वतःच पाकिटातनं फोडून तोंडात टाकली आणि थबकली.

"आत्या, ही खडूवानी लागती. कडू कुटं हाय?"

सगळा ओटा हसला. नरसम्मा म्हणाली, "पोटुशीला मीठ बी गोड लागतंय! गीळ गप!"

गंगानं गिळली.

*

हिवतापाचा खेळ लई वाईट. एक दिवस चढतो, एक दिवस उतरतो. उतरला की रुक्साना भाभी म्हणायची, "देखो, गोली लागू पडी ना!" चढला की आम्ही म्हणायचो, गंगाच्या अंगातच ताकद नाही. उतरला तर शंकरचा गुण, चढला तर पोरीचा दोष!

मग एका दुपारी तिचे डोळे फिरले. रुक्साना भाभीच्या पोरानं, सलीमनं, रिक्षा काढली. रस्ताभर मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले होते. पोटात काही हलत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. "हे कुठून आणलं?"

मी ठासून सांगितलं, "चाखून घेतलंया बाई! कडू हाय!"

त्यांनी माझ्या पिवळ्या पडलेल्या बोटांकडं बघितलं. "आजी, आधी साबणानं हात धुवा. चूळ भरा. मग चाखा."

धुतले. चूळ भरली. चाखली.

खडू! नुसता खडू!

एवढी जन्मभराची तंबाखू बोटांत मुरलेली. आम्ही आमचेच हात चाखत होतो की!

आतनं नर्स आली. म्हणाली, "ठोके लागले बाळाचे."

*

खऱ्या औषधानं गंगा उठली, पण अर्धी होऊन घरी आली. नरसम्मा ओट्यावर आली ती पाण्याची बादली नि साबण घेऊनच. नुसती हात धूत बसली.

उरलेल्या गोळ्यांतल्या निम्म्या सुनीतानं तपासणीला नेल्या. "रिपोर्ट येईपर्यंत शंकरला पोलीस हात लावणार नाहीत, मावशी," म्हणाली. "तुम्ही बायकांनाच समजवा."

समजवतोय कोणाला! पलीकडच्या गल्लीत शंकर फिरतच होता. तिथं दोन घरांत लेकरं तापानं फणफणलेली, आणि उशाला त्याचीच पाकिटं. आम्ही बोंबललो तर त्या आयाच आमच्यावर उलटल्या. "तुमच्या सुनेला न्हाय लागू पडली, म्हणून आमी बी घ्यायची न्हाय व्हय?"

सलीमनं शंकरची गाडी अडवली. तर हा म्हणतो कसा, "पुरावा काय? तुमच्या वहिनीचा ताप निराळा असंल!"

*

आणि मग त्या दिवशी भर उन्हात शंकरची गाडी आमच्या ओट्यासमोर वाकडी झाली. खाली उतरला तो कसाबसा. कपाळावर घाम नि दात कडाकडा वाजतायत.

"मावशी, पाणी... लई थंडी वाजती."

ओट्याच्या कडेला बसला. सगळ्या सुपांवरचे हात थांबले. पलीकडच्या गल्लीतल्या त्या दोघी आयाही येऊन उभ्या राहिल्या.

आत पाणी पडल्याचा आवाज आला. गंगा साबणानं हात धूत होती. पोट सावरत बाहेर आली. एका हातात तांब्या. दुसऱ्या तळव्यावर गोळी, डब्यात राहिलेली, त्याचीच.

"घ्या दादा. सुई न्हाय, रांग न्हाय."

शंकरनं गोळीकडं बघितलं. त्या दोघी आयांकडं बघितलं. तांब्या उचलला आणि पाणी तेवढं घटाघटा पिऊन टाकलं.

मग सलीमकडं वळून म्हणाला, "भाऊ, रिक्षा काढतोस का? सरकारी दवाखान्यात सोड. रक्त तपासायचंय."