इथं कोणीच खोकत नाही

माझ्या सासऱ्यांना, बाबांना, कारखान्यात सगळे 'भोंगा' म्हणत. पाळी सुटल्याचा खरा भोंगा छपरावर होता, पण तो बिघडला की मुकादम बाबांनाच दारात उभं करायचा. मग त्यांची एक आरोळी तिन्ही शेड ओलांडून मागच्या लाकडाच्या वखारीपर्यंत जायची. घरातही तोच आवाज. लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटत होतं, हे सदा चिडलेलेच असतात. मग कळलं, मीठ मागायचं असलं तरी ते तसंच मागतात.

कारखाना पाइपांचा होता. तंबाखू ओढायचे लाकडी पाइप तिथं तयार व्हायचे, आणि त्यात बाबांनी चौतीस वर्षं गिरमिटावर, म्हणजे भोक पाडायच्या यंत्रावर, काम केलं. लाकडाचा ठोकळा वाटीसारखा कोरून झाला की तो त्यांच्याकडे यायचा. दांडीच्या टोकातून त्याला एक बारीक, लांब भोक पाडायचं, धूर यायला. ते भोक वाटीच्या बरोबर तळाशी निघालं पाहिजे. केसभर वर निघालं तर खाली ओल साचते, आणि केसभर खाली गेलं तर तळ फुटून ठोकळा जळणात. पाडताना आतलं काही दिसत नाही.

"डोळ्यांचं काम नाही ते, कानाचं आहे," बाबा सांगायचे. "लाकूड संपत आलं की गिरमिटाचा सूर बारीक होतो. तिथं थांबायचं. जो थांबत नाही, त्यानं वखारीत ओंडके उचलावेत."

पाइप ते ओढायचेही. सगळेच ओढायचे. टवका गेलेले, डाग पडलेले पाइप कामगारांना घरी न्यायची मुभा होती आणि आमच्या खिडकीत असे अकरा पाइप ओळीनं उभे असत.

कारखाना बंद झाला आणि त्यानंतर दोन वर्षांनी बाबांचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून काढे झाले, मग औषधं, मग मोठ्या दवाखान्यातल्या खेपा. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, घशात गाठ आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. माझा नवरा खाली मान घालून बसला होता. बाबांनी विचारलं, "आणि नाही काढलं तर?" डॉक्टरांनी तेही सांगितलं. "मग काढा की," बाबा म्हणाले. "विचारता काय?"

भोंग्याच्या स्वतःच्या, बसलेल्या का होईना, आवाजातलं मला आठवतं ते हेच शेवटचं बोलणं.

ऑपरेशननंतर गळ्याच्या खालच्या खळगीत एक भोक राहिलं. श्वास घ्यायचा तो तिथूनच. दवाखान्यातल्या नर्सनं त्यांना लिहून बोलायला पाटी आणि खडू आणून दिला. त्यांनी पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं, "ही पाटी परत न्या." पुढं त्या भोकात एक छोटी झडप बसवली. अंगठ्यानं भोक झाकलं की हवा झडपेतून वर जाते आणि बोलता येतं. आवाज घोगरा निघतो आणि चार-पाच शब्द झाले की अंगठा काढून श्वास घ्यावा लागतो. चार महिने ते न्हाणीघरात दार लावून सराव करत होते. एके सकाळी बाहेर आले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "रडका चेहरा. पुरे आता. मेलोय का मी?"

नवऱ्यानं त्यांना तीन मफलर आणले. लोक बघतात, कशाला उगीच दाखवायचं, असं त्याचं म्हणणं. एका मफलरनं बाबा सायकल पुसू लागले. दुसरा त्यांनी मला देऊन टाकला. तिसरा कुठं गेला ते मी विचारलं नाही. सदऱ्याचं वरचं बटण मात्र ते उघडं ठेवायला लागले ते कायमचं. पाइप त्यांनी सोडला होता, पण खिडकीतले अकराच्या अकरा तसेच राहिले. नवरा म्हणाला, "फेकून तरी द्या ते." बाबा म्हणाले, "का? भोकं सरळ आहेत."

मग संग्रहालय निघालं. कारखान्याच्या जुन्या शोरूमच्या दोन खोल्यांत मालकांच्या मुलीनं पाइपांचं आणि तंबाखूच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय उघडल्याची बातमी पेपरात आली. कामगार तिला 'बाई' म्हणत, ती शाळकरी होती तेव्हापासून. बाबांनी बातमी दोनदा वाचली आणि चपला घातल्या. "चल," मला म्हणाले. "बघू. काय मांडलंय ते."

तिकिटाच्या खिडकीशी पॉलिशवाली बसली होती. तिनं पाइपांना मेण लावून चकाकी आणण्यात हयात घालवलेली. बाबांना पाहून ती उभीच राहिली. "अगं बाई, भोंगा! जिवंत आहात?" बाबांनी अंगठा लावला. "तुझ्या नाकावर. टिच्चून."

खोल्या मांडल्या होत्या मात्र झकास. काचेच्या कपाटांत हातभर लांबीचे मातीचे पांढरे पाइप, मऊ दगडाचे कोरीव पाइप, वापरून वापरून मधासारखे पिवळे झालेले, तपकिरीच्या डब्या, तंबाखू कापायचे सुरे, बोटीतून आलेल्या गाठोड्यांची चित्रं. चारशे वर्षांचा इतिहास भिंतीवर ओळीनं लावलेला. बाबा प्रत्येक कपाटापुढं वाकून बघत होते. एका दगडी पाइपापुढं तर त्यांनी पाच मिनिटं घालवली. "काय हात असेल. बनवणाऱ्याचा," असं म्हणाले. ते इतके खुश होते की मला वाटलं, बरं झालं आलो.

दुसऱ्या खोलीत त्यांचं गिरमिट होतं. तेच यंत्र, धुऊनपुसून, हिरवा रंग देऊन ठेवलेलं. बाबांनी त्याच्या दांड्यावर हात ठेवला. मग शेजारचं कार्ड वाचलं. लिहिलं होतं, "धूरमार्ग पाडण्याचे यंत्र. हे चालवण्यास विशेष कौशल्य लागत नसे."

त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसल्या. त्याच वेळी बाई स्वतः सात-आठ पाहुण्यांना घेऊन आत आल्या आणि हळू, गोड आवाजात माहिती सांगू लागल्या. बाबांनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

"हे कार्ड. कोणी लिहिलं?"

तो आवाज ऐकून सगळे वळले. मग सगळ्यांचं लक्ष गळ्याकडं गेलं. एक गृहस्थ चटकन कपाटाकडं तोंड करून उभे राहिले. बाईंनी बाबांना ओळखलं नाही, किंवा ओळखलं तरी तसं दाखवलं नाही. "काका, काही सूचना असेल तर बाहेर वही आहे," त्या म्हणाल्या.

"चौतीस वर्षं. हे यंत्र चालवलं मी," बाबा म्हणाले. श्वास घेतला. "कौशल्य लागत नाही. मग चालवून दाखवा."

"आपण नंतर बोलू या का? आणि," बाईंनी आवाज आणखी खाली आणला, "गळ्याला काही बांधाल का प्लीज? पाहुण्यांना जरा..."

मी बाबांचा दंड धरला. तो दगडासारखा झाला होता. पण ते ओरडले नाहीत, ओरडता येतच नाही. त्यांनी एकदा सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली, अगदी सावकाश, आणि म्हणाले, "चारशे वर्षांचा इतिहास. एवढी माणसं. एवढा धूर." श्वास. "आणि इथं. कोणीच खोकत नाही?"

बाबा बाहेर आले, अभिप्रायाच्या वहीत त्यांनी आपलं पूर्ण नाव आणि हजेरी क्रमांक लिहिला, खाली "उद्या येतो" असं लिहिलं आणि पॉलिशवालीला हात करून ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही. रीतसर तिकीट काढून आत जायचे आणि गिरमिटाशेजारी उभे राहायचे. कशाला हात लावायचा नाही, कोणाला अडवायचं नाही. कोणी कार्ड वाचू लागलं की तेवढं म्हणायचे, "हे खोटं आहे." बाईंनी रखवालदार पाठवला. बाबांनी त्याला तिकीट दाखवलं. आठव्या दिवशी आमच्या घरी पत्र आलं. आपल्या उपस्थितीमुळे दर्शकांना अस्वस्थता वाटते, तरी गळा झाकून यावे, अशी विनंती होती.

नवरा पत्र हातात घेऊन बाबांसमोर बसला. "बाबा, हसं होतंय आपलं. माझ्या ऑफिसातल्या माणसानं तुम्हाला तिथं बघितलं."

"मग? काय म्हणाला?"

"विचारत होता, ते तुझे वडील का?"

"तू काय सांगितलंस?"

नवरा पत्राच्या कडा सारख्या करत राहिला. बाबांनीही जास्त ताणलं नाही. त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी निघताना सदऱ्याचं दुसरं बटणही उघडलं.

त्या दिवशी मी सोबत होते. बाई गिरमिटापाशी वाटच बघत होत्या. चिडलेल्या होत्या, पण त्यांच्या हातात टोपली होती आणि टोपलीत वाटी कोरलेले पाच-सहा ठोकळे. वखारीत उरलेला माल असावा.

"कौशल्याचं माझ्या वडिलांनी लिहून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "मी मनचं लिहिलेलं नाही. पण तुम्ही रोज येताय. ठीक आहे. शिकवा. चालवते मी."

बाबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडा आदर दिसला. त्यांनी ठोकळा कसा धरायचा ते दाखवलं, यंत्र सुरू केलं आणि बाजूला झाले. बाईंचा पहिला ठोकळा तळातून फुटला. दुसऱ्याचं भोक दांडीच्या कुशीतून बाहेर आलं. तिसऱ्याला तर चीरच गेली. बाईंनी कपाळावरचा घाम पुसला, चौथा ठोकळा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही करा."

बाबांनी खिशातून ओला फडका काढून गळ्यावर बांधला. बाईंनी जरा नवलानं पाहिलं, तसं ते म्हणाले, "धुळीसाठी झाकीन. लोकांसाठी नाही."

आणि त्यांचा पहिला ठोकळा फुटला.

दारातून पॉलिशवाली बघत होती, तिनं तोंडावर हात ठेवला. कारखाना बंद झाल्यापासूनच्या आठ वर्षांत हात जड झाला होता. बाबांनी फुटका ठोकळा उलटा करून पाहिला, टोपलीत टाकला आणि दुसरा घेतला. या वेळी त्यांनी डोळे मिटले. गिरमिट आत जात राहिलं. मला सूर बदललेला कळला नाही, पण त्यांना कळला. त्यांनी दांडा सोडला, ठोकळा खिडकीकडं धरला आणि बाईंच्या हातात दिला. बाईंनी डोळा लावून पाहिलं. वाटीच्या नेमक्या तळाशी उजेडाचा एक गोल ठिपका होता.

बाईंनी ते कार्ड स्वतःच्या हातानं काढलं.

"आणि भिंत?" बाबांनी विचारलं.

"हे संग्रहालय आहे, दवाखाना नाही," बाई ताडकन म्हणाल्या. "माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षं जगले. शेवटपर्यंत पाइप ओढला. त्यांना काही झालं नाही."

"मग तेही लिहा," बाबा म्हणाले. अंगठा काढला, श्वास घेतला, परत लावला. "आणि माझंही लिहा. दोन्ही खरं आहे."

ते बाईंनी लिहिलं नाही. आजही त्या भिंतीवर आजाराचा एक शब्द नाही. यंत्राशेजारी नवं कार्ड लागलं. त्यावर कामाची नीट माहिती आहे आणि बाबांचं नाव आहे. दर शनिवारी गिरमिट चालवून दाखवायला त्यांना बोलावलं जातं. बाईंनी एक अट घातली, प्रात्यक्षिकात आजाराबद्दल बोलायचं नाही. बाबा लगेच कबूल झाले. मला आश्चर्य वाटलं. घरी येताना मी म्हटलं, "बाबा, तुम्ही माघार घेतलीत?"

"मी कुठं बोलणार?" ते म्हणाले. "लोक विचारतील. विचारलं तर. उत्तर नको द्यायला?"

लोक विचारतात. दर शनिवारी कोणी ना कोणी विचारतंच. एकदा माझा नवराही आला आणि मागं उभा राहिला. शेजारच्यानं विचारलं, "कोण हो हे?" तेव्हा तो म्हणाला, "माझे वडील." हे मला पॉलिशवालीनं सांगितलं. त्यानं स्वतः सांगितलं नाही.

गेल्या शनिवारी एक उंच, टापटीप माणूस प्रात्यक्षिक संपल्यावर थांबला. कोटाच्या खिशातून त्यानं आपला पाइप काढला. इथलाच आहे म्हणाला, वीस वर्षं वापरतोय. बाबांनी पाइपची तोंडात धरायची नळी काढली, दांडी उजेडाकडं धरली आणि बराच वेळ आत पाहिलं.

"भोक सरळ आहे," ते म्हणाले. "माझं असणार." पाइप पुसून त्यांनी त्याच्या हातात परत दिला आणि अंगठा पुन्हा गळ्याला लावला. "ओढू नका."

त्या माणसानं गळ्याकडं पाहिलं, मग पाइपाकडं, आणि पाइप खिशात टाकून तो निघून गेला. सोडला की नाही, कोण जाणे. मी तसं म्हटल्यावर बाबा यंत्राखालचा भुसा झाडत म्हणाले, "त्याची मर्जी. मी सांगितलं."