पाव टाकीच्या खाली

अर्लीस टॉर्गर्सनबद्दल कुणीतरी चांगलं लिहिणाऱ्याने लिहायला हवं होतं. पण त्या शनिवारी तिच्या शेजारच्या सीटवर मीच बसलो होतो, तेव्हा जमेल तसं मलाच सांगावं लागणार.

तिने जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढला. आमच्या निम्म्या गावाला तिने कुस्करलेला बटाटा वाढला आहे. कुणी "पुरे" म्हटलं की अर्धा डाव जास्तच. ऑक्टोबरात साखरेच्या बीटाची काढणी सुरू झाली की ती शाळेतून रजा घ्यायची आणि बीटाचे ट्रक चालवायची. म्हातारपणी नवऱ्याने, ऑर्विलने, एक जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेतलं. थोडे उन्हाळे दोघं फिरली, आणि ऑर्विल गेला. मग तिने शेत विकलं आणि गावात दोन खोल्यांत राहायला आली.

ऑर्विल गेल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात गाडीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. टाकीतलं पेट्रोल बसून बसून शिळं झालं. वसंतात इंजिन कसंबसं खोकलं, आतल्या विजेचा जनरेटर तर मुकाच. त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये डिंकासारखा चिकटा धरला होता. मुलगा कर्टिस फार्गो शहरातून आला, गाडी ओढून नेली, साफ करून आणली आणि आईला म्हणाला, "आई, ही शेवटची वेळ. यंदा गाडी हिवाळ्यासाठी नीट बंद करून जत्रेच्या गोठ्यात लावलीस, तर ठेव. नाहीतर दुसऱ्या दिवशी मी विकायची जाहिरात टाकतो."

"ठरलं," अर्लीस म्हणाली. ती शब्द दिला की फिरवत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

ऑगस्टातली जत्रा संपून प्रदर्शनाच्या गाई घरी गेल्या की मैदानावरच्या गोठ्यांत हिवाळाभर लोकांच्या होड्या आणि मोटरहोमं राहतात. ऑक्टोबरातल्या एकाच शनिवारी सगळी आत घ्यायची, नाकाला शेपूट लावून. मग बर्फ वितळेपर्यंत एकही बाहेर निघत नाही. अर्लीसला दुसरी जागा नव्हती. तिच्या इमारतीच्या आवारात बर्फ ओढणारी यंत्रं फिरतात, तिथे मोटरहोमला मनाई.

आदल्या दिवशी तिने बिनअल्कोहोलचं, जास्त टिकणारं पेट्रोल मिळतं तो पंप गाठला. आधी टाकीत पेट्रोल टिकवायचं औषध ओतलं, म्हणजे वरून पडणाऱ्या धारेने ते ढवळलं जातं, आणि मग टाकी काठोकाठ भरली. ऑर्विल असंच करायचा. टाकीत हवा नाही तर दव नाही, आणि दव नाही तर पाणी नाही.

शनिवारी सकाळी गोठ्यात गाडी मागे घेताना हात दाखवायला मी गेलो. गोठे सांभाळणारा गेलर्ड खिडकीतून आत वाकला आणि पेट्रोलच्या काट्याकडे बघतच राहिला.

"अर्लीस, हे काय गं?"

"भरलेली टाकी."

"आंधळा नाही मी. पाव टाकीच्या वर इथे काही आत येत नाही. सुकं लाकूड, माळ्यावर गवत. एक ठिणगी पडली तर जत्रा माझ्या घरी भरवाल का?"

"हा नियम कधीचा?"

"माझ्या बापाच्या वेळचा. तुझा नवरा आपल्या शेडमध्ये गाडी ठेवायचा, तुम्हाला कसा कळणार?"

मी नळी घालून पेट्रोल ओढून काढायचं सुचवलं. नळी टाकीच्या तोंडातल्या जाळीवर अडली. आणखी ढोसली, तर वाकून परत आली.

"दार कधी लावणार?" अर्लीसने विचारलं.

"पाचला. बायकोने हरणाचं मटण शिजत घातलंय. तुझ्यासाठीसुद्धा थांबणार नाही."

ती माझ्याकडे वळली. "मिल्टन, बस आत."

"जनरेटर परत आल्यावर चालवू," मी म्हणालो. औषधाचं पेट्रोल त्याच्यातही फिरवावं लागतं, आणि आम्ही सगळे ते काम शेवटीच करतो.

"आल्यावर? अरे, त्याची नळी टाकीत वरच संपते. रानात दिवे लावून बसलेल्याला घरी यायला पेट्रोल उरावं म्हणून तशी केलीय. काटा पावाखाली गेला की जनरेटरला थेंब मिळणार नाही, औषध कुठलं मिळायला!"

तिने जनरेटर सुरू केला. नुसता चालवून भागत नाही, त्याच्यावर भार हवा. म्हणून तिने छतावरचा एसी लावला. बाहेर बीटांवर दहिवर पडलेलं, आणि आम्ही दोघं जाड कोट, कानटोप्या घालून एसीखाली.

"थंडी वाजतेय?"

"छे."

"खोटं बोलू नकोस. नाक बीटासारखं झालंय."

फार्गोकडचा रस्ता सरळ, वारा समोरून आणि बाजूने. गाडी कपाटासारखी डुगडुगायची. अर्लीसने चाकावरचे दोन्ही हात काढले नाहीत. मी जेवणाचा डबा पुढे केला तर नाही म्हणून मान हलवली. बऱ्याच वेळाने, औषधाचं पेट्रोल जनरेटरभर फिरलं अशी खात्री झाल्यावर, तिने तो बंद केला. मी मनातल्या मनात तिचे आभार मानले.

"चाललोय कुठे पण?" मी विचारलं.

"परत पोचल्यावर पाव टाकीच उरेल तिथपर्यंत."

ते ठिकाण कर्टिसच्या दारात निघालं. तिने भोंगा वाजवला. कर्टिस पानं ओढायचं दाताळं घेऊन बाहेर आला.

"आई? ही गाडी गोठ्यात असायला हवी होती!"

"पेट्रोल जाळतेय."

"हायवेवर? या वाऱ्यात? एकटी?"

"मिल्टन आहे की."

त्याने मला नीट पाहिलं. त्याला धीर आलेला दिसला नाही. "उतर. परत मी नेतो."

"तू बीटाचा ट्रक चालवलायस कधी?"

"आई, त्याचा काय संबंध?"

"चालवलायस का?"

"नाही."

"मग ती कचऱ्याची पेटी बाजूला घे. मला वळायचंय."

त्याने पेटी बाजूला घेतली. मग आपली गाडी काढून आमच्या मागे लागला.

परतीला वारा पाठीशी होता. इतर कुठल्याही दिवशी मी खूश झालो असतो. पण वारा ढकलत होता आणि काटा हलत नव्हता. मैदानात शिरलो तेव्हा गोठ्यात शेवटची एक जागा उरली होती आणि गेलर्ड दाराला हात लावून उभा होता. त्याने आत डोकावून पाहिलं.

"वर आहे."

"किंचित," मी म्हणालो.

"किंचित म्हणजे वरच."

अर्लीसने गाडी शर्यतीच्या मातीच्या गोलाकडे वळवली. उन्हाळ्यात तिथे पोरं मोडक्या मोटारी पळवतात. खालच्या गिअरमध्ये, इंजिन ओरडवत, ते घर गोल फिरायला लागलं. मागे कपाटातली भांडी आपटत होती. कुंपणाशी आधी कर्टिस, मग होड्या ठेवायला आलेले दोघे. कुणीतरी टाळी वाजवली, कुणीतरी ओरडलं, "अर्लीस, पहिला नंबर तुझाच!" तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. नजर रस्त्यावर, मग काट्यावर, मग रस्त्यावर.

काटा रेघेवर आला. "झालं," मी म्हणालो.

"खाली जाऊ दे."

तो खाली गेला. गोठ्यापाशी गेलर्डने पुन्हा वाकून पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "वाईट नाही." आमच्याकडे याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

तिने गाडी स्वतःच मागे घेतली. मी हात दाखवत होतो, पण तिला त्याची गरज नव्हती. इंजिन बंद झाल्यावर गोठ्यात नुसता गुरांचा जुना वास राहिला.

कर्टिस आत आला. जाहिरातीचा विषय त्याने काढला नाही. पाना मागितला, थंडीत गोठू नये म्हणून वाकून बॅटरी सोडवली आणि छातीशी धरून उभा राहिला.

"ही कुठे ठेवू, आई?"

"माझ्या पलंगाखाली," अर्लीस म्हणाली. "आणि एप्रिलमध्ये आणून लाव. गाडी बाहेर मी काढीन."