धाकटीची चिमूट

मी माझ्या धाकट्या जावेवर जळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे तिच्याबद्दल काही चांगलं लिहीन तेव्हा ते किती जिवावर येऊन लिहिलंय हे तुम्हाला कळेल. आमच्या घरात येऊन तिला नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली पाच मी थोडी थोडी जळले, पुढची चार मात्र अगदी मनापासून.

आमची बेकरी आहे. वर घर, खाली बेकरी. रस्त्याकडे दुकान, मधे भट्टी आणि मागे पीठघर. चाळीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामंजींनी, एका भट्टीवर हे सगळं उभं केलं. आता भट्टी दोघे भाऊ सांभाळतात, दुकानात सासूबाई बसतात आणि पीठघरात आम्ही दोघी जावा. मामंजींचे गुडघे गेल्यापासून ते दुकानातल्या खुर्चीत बसून सगळ्यांवर ओरडतात, त्यालाच ते देखरेख म्हणतात.

पीठघरात एक नियम आहे. पीठ मळून झालं की मळणाऱ्याने त्यातली एक चिमूट तोंडात टाकायची, चव बघायची आणि भट्टीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात 'ठीक आहे!' म्हणायचं. मगच त्यावर फडकं टाकायचं. पीठ एकदा फुगलं आणि भट्टीत गेलं, की राहिलेलं मीठ काही परत घालता येत नाही. मामंजी सांगतात, पहिल्या वर्षी त्यांनी एकदा चिमूट बघितली नव्हती, आणि दोनशे पाव बदकांना घातले होते. बदकांनीही म्हणे तोंडं वाकडी केली.

धाकटी अलीकडे स्वतः चिमूट बघायची नाही. पहिली पाच वर्षं बघायची, मुलगी झाल्यावर कामावर परत आली तेव्हापासून मात्र तिने नवाच शिरस्ता पाडला. पीठ मळायची, चिमूट काढायची आणि बोटांवर धरून माझ्यापुढे करायची. "ताई, तुम्ही बघा. तुमच्या जिभेला जास्त कळतं."

पहिल्यांदा मी फुलले. आठवडाभराने शंका आली. महिन्याभराने नाकाला मिरच्या झोंबायला लागल्या. मळायचं तिने, वाखाणणी तिची व्हायची, आणि मी कोण? तर तिचा चमचा! दुकानात गिऱ्हाईक म्हणायचं, "पाव काय सुरेख झालाय," की मामंजी मिशीत हसून सांगणार, "आमच्या धाकटीचा हात आहे." जीभ कोणाची आहे हे कोणी विचारायचं नाही.

आणि हात खरंच होता, हे खोटं कशाला सांगू? ती प्रत्येक गोष्ट काट्यावर तोलायची. मी मुठीने मीठ घालते, ती चिमटीभर मिठासाठीही वजन करून वाटी वेगळी काढून ठेवायची. पाव भट्टीत असले की सगळे चहाला बसायचे, ही मात्र भट्टीच्या काचेपुढे उभी. "रंगावर लक्ष ठेवते," म्हणायची. मामंजी मला म्हणायचे, "बघ, शिक जरा!" म्हणजे चवदा वर्षं राबलेल्या मोठ्या सुनेनं नऊ वर्षांच्या सुनेकडून शिकायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

वरच्या मजल्यावरही तेच. सासूबाईंचा हात आता मिठावर फार सैल झालाय. आमचे हे ताट सरकवतात, माझी दोन्ही मुलं तोंड वेंगाडतात, मी पाणी पीत पीत जेवते. धाकटी खाली मान घालून सगळं संपवायची. "हिनं कधी माझ्या हातच्या जेवणाला नाव ठेवलं नाही," सासूबाई म्हणायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. बरं, एवढं खाऊन बाई सडपातळ ती सडपातळच. मला दोन घास कमी पडले तरी अंगाला लागतात, आणि माझे जुने कपडे तिला खांद्यावरून घसरतात.

धाकटे दीर दर वाढदिवसाला तिला अत्तराची बाटली आणायचे. आमच्या ह्यांना माझा वाढदिवस दुसऱ्या दिवशी आठवतो. गेल्या चार वर्षांच्या बाटल्या तिच्या खिडकीत रांगेने उभ्या होत्या, एकही फोडलेली नाही. चार बाटल्या, आणि एक लावेल तर शपथ! मी येता-जाता त्यांच्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, बाईला सुखाची किंमत नाही.

तर, दोन महिन्यांपूर्वी मामंजींनी जाहीर केलं, की पीठघराच्या कपाटाची किल्ली ते आता एकीच्या हाती देणार. त्या कपाटात यीस्ट असतं आणि प्रमाणांची वही असते. किल्ली जिच्याकडे, पीठघर तिचं. तिनं सांगायचं, दुसरीनं ऐकायचं. "महिन्याच्या शेवटी ठरवतो," म्हणाले. मला ती किल्ली हवी होती. तशी मी फार काही मागणारी बाई नाही, पण चवदा वर्षं मी त्या कपाटासमोर उभी राहून 'मामंजी, जरा किल्ली' म्हणत आले होते.

महिना संपायला दोन दिवस होते. सकाळी धाकटीने पहिलं पीठ मळायला घेतलं. मधेच वरून तिची छकुली पडल्याचा आवाज आला, ही हात तसेच घेऊन धावली. आली, पुन्हा मळलं, पीठ अगदी रेशमासारखं झालं. दारातून जाता जाता मामंजी म्हणालेसुद्धा, "वा! याला म्हणतात हात!" आणि नेमकं त्याच क्षणी तिने चिमूट माझ्यापुढे धरली.

"ताई, बघता?"

माझं डोकंच फिरलं. मी चिमूट घेतली, तिच्याकडे पाठ केली आणि ती केराच्या डब्यात टाकली. मग भट्टीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "ठीक आहे!" तिच्या पिठात काही चुकलंय असं माझ्या मनातही नव्हतं. तिचा चमचा व्हायचं नव्हतं, एवढंच.

आमच्याकडे पहिल्या घाण्यातला एक पाव घरात राहतो. सगळे दुकानाच्या मागच्या टेबलाशी बसतात आणि चहाबरोबर तो मोडून खातात. त्या दिवशी पहिला तुकडा धाकटीने तोडला. खाल्ला, घोटभर चहा घेतला, आणि म्हणाली, "छान झालाय आज."

मग सासूबाईंनी खाल्ला, आणि त्यांचा घास गालातच राहिला. आमच्या ह्यांनी तोंडातला तुकडा बशीत काढून ठेवला. मी खाल्ला. मिठाचा कणही नव्हता त्यात, ओला कागद चघळल्यासारखं लागत होतं. धाकटी दुसरा तुकडा तोडत होती. तिने सगळ्यांची तोंडं बघितली आणि हात तिथेच थांबला. चेहरा असा पांढरा पडला, की तिला पीठ लागलंय असंच वाटलं.

मी तिच्याकडे बघत राहिले. सासूबाईंचं खारट जेवण. काट्यावर तोललेलं मीठ. भट्टीपुढे उभं राहून रंग बघणं, कारण करपल्याचा वास येणार नाही. न फोडलेल्या चार बाटल्या. आणि चार वर्षं रोज माझ्यापुढे धरलेली ती चिमूट. अहो, ती मला चमचा करत नव्हती. ती माझ्याकडे जीभ मागत होती.

"चिमूट कोणी बघितली?" मामंजींनी विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली. मळणाऱ्याने बघायची हा नियम, म्हणून तिने नियमाप्रमाणे उत्तर दिलं. माझ्याकडे नजरसुद्धा टाकली नाही.

"तू? आणि आत्ता पाव खाऊन छान म्हणालीस? जीभ जागेवर आहे ना?" मामंजी काठी टेकत पीठघरात गेले. पोत्यामागे मिठाची तोललेली वाटी तशीच भरलेली सापडली, ती त्यांनी टेबलावर आपटली. मग दुसऱ्या घाण्यासाठी भिजवलेल्या, अजून मीठ न घातलेल्या पिठाच्या दोन चिमट्या घेऊन आले, एकीत त्यांनी मीठ मळलं होतं. दोन्ही बशीत ठेवून बशी धाकटीपुढे सरकवली. "सांग, मीठ कशात आहे?"

खरं सांगते, क्षणभर माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मला तोंडही उघडायची गरज नव्हती. चिमूट मी टाकली हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि भट्टीच्या घरघरीत ओरडणारी कोण हेही कळत नाही. तिने चुकीची चिमूट उचलायची, की किल्ली माझी. तिने बशीकडे बघितलं. मग दोन्ही चिमट्या बोटांनी हळूच दाबून बघायला लागली, हाताला काही कळतंय का ते. ते मात्र मला बघवलं नाही.

"मामंजी, तिची कसली परीक्षा घेताय?" मी म्हणाले. "चिमूट माझ्याकडे होती. मी तोंडातच घातली नाही. केरात टाकली आणि ठीक आहे म्हणून ओरडले."

"मग ही मी बघितली का म्हणते? आणि छान काय म्हणते?"

आता काय सांगायचं? तोंडाला आलं ते बोलले. "मला वाचवायला. पहिल्याच घासाला तिला कळलं असणार. तुम्ही माझ्यावर ओरडाल म्हणून गिळला तिने."

मामंजींनी माझ्याकडे असं बघितलं की जमीन फाटावी. मग धाकटीकडे बघितलं, आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "बघा! जावेसाठी अळणी पाव गोड करून खाल्ला पोरीनं!" सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. किल्ली त्यांनी तिथल्या तिथे धाकटीच्या हातात दिली. म्हणजे मी खोटं बोलले ते बोलले, वर माझ्याच तोंडाने तिची आणखी एक स्तुती झाली. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दुपारी पीठघरात आम्ही दोघीच होतो. दुपारच्या घाण्याचं पीठ फडक्याखाली फुगत होतं. ती पराती घासत होती. किल्ली तिच्या कमरेला होती, आणि ती हलली की वाजायची. माझं लक्ष सारखं तिकडेच.

"ताई, तुम्हाला कळलं ना?"

"काय कळायचंय? तुला मीठ कळत नाही."

"काहीच कळत नाही." तिने नळ बंद केला. "छकुलीच्या वेळी शेवटच्या पंधरवड्यात ताप आला होता ना, त्यात गेलं. चवही, वासही. माहेरच्या डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, येईल तर येईल."

"मग सांगायचं नाही का, बये? निदान नवऱ्याला तरी!"

"त्यांच्या तोंडात तीळ तरी भिजतो का?"

हे मात्र खरं होतं. धाकटे दीर रस्त्यावरच्या कुत्र्यालाही घरातली बातमी सांगतील.

"मामंजींनी मला दुकानात बसवलं असतं," ती म्हणाली. "मला जेवणात काही नाही ताई, फुलात काही नाही, चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. इथं तेवढं हाताला कळतं. पीठ हाताला कळतं. हेच एक राहिलंय." मग परातीकडे बघत, "रोज तुम्ही चिमूट तोंडात टाकता ना, तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघत असते. फार जळते हो मी तुमच्यावर."

माझ्यावर! नऊ वर्षं मी एकटीच जळतेय असं मला वाटत होतं. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू आलं, आणि दोन्ही लपवायला मी पोत्याची गाठ उगीच सोडून बांधली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "छकुली झाली तेव्हा पहिल्यांदा तुमच्याच हातात दिली होती. तिच्या डोक्याला कसा वास यायचा?"

मला तो दिवस नीट आठवतो, कारण त्या दिवशीही मी जळत होते. मला दोन मुलगे, मुलगी हवी होती, आणि ती झाली हिला. मी त्या पोरीला छातीशी धरलं, तिच्या टाळूवर नाक टेकवलं आणि मनात म्हटलं होतं, ही माझी का नाही? हे मी धाकटीला सांगितलं नाही. मी वास आठवायला लागले.

"गोडसर," मी म्हणाले. "जरासा आंबूस. कोमट. तू आलीस तेव्हाची पहिली वर्षं आठव. पीठ फुगून वर आलं की फडकं काढताना यायचा ना, तो. अगदी तोच."

तिने हात पुसले, दुपारच्या पिठावरचं फडकं हळूच उचललं आणि परातीवर ओणवी झाली. पार नाक टेकेपर्यंत. तिला काही येणार नव्हतं हे तिलाही माहीत होतं. तरी ती तशीच राहिली, डोळे मिटून.

तेवढ्यात दुकानातून मामंजींची काठी वाजली. मी बाहेर आले, पीठघराचं दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले. "चिमूट पुन्हा एकदा बघितली का?" त्यांनी लांबूनच विचारलं. मी भट्टीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघतोय मामंजी, जरा थांबा!"