आठवणीची तपासणी: आमचे मोहोड सर

डॉ. भास्करराव मोहोड यांना मी प्रथम पाहिले ते यवतमाळच्या त्यांच्या दवाखान्यात. तेव्हा मी शाळेत होते. माझे वडील दलसिंग राठोड घाटंजीजवळच्या आमच्या तांड्यावरून ठेकेदारामार्फत परराज्यातील एका अणुकेंद्रात गेले होते. तेथे गळती झाल्यावर सांडलेले पाणी पुसणे आणि दूषित माती भरणे हे काम आपल्या जिल्ह्यातील काही मजुरांनी केले. किरणोत्साराची मात्रा अल्प आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. काही वर्षांनी बाबांची झोप उडाली, डोके दुखू लागले, ते विसरू लागले.

आधीच्या रुग्णालयात बाबांना तारीख विचारली गेली, घड्याळाचे चित्र काढायला सांगितले गेले. दोन्ही जमले नाही. ‘मेंदूवर परिणाम’ हा शेरा घेऊन आम्ही सरांकडे आलो. सरांनी तो वाचून बाजूला ठेवला.

“राठोडभाऊ, घाटंजीचा बाजार झाला का व्हायचा हाय?”

“परवाच झाला ना साहेब. मिरच्या घेऊन गेलतो.”

“गेलते खरे,” याडी, म्हणजे माझी आई, म्हणाली, “अन् पिशवी तिथंच इसरून आले!”

सरही हसले, पण पिशवीची नोंद त्यांनी केली. माणसाच्या आयुष्यात जे कधी नव्हतेच ते त्याला विचारू नये, आणि घरच्या माणसाला बाहेर बसवू नये, ही त्यांची पद्धत मी त्या दिवशी पाहिली. आज त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मी तीच शिकते आहे.

“हे त्या पाण्यानंच झालं का?” बाबांनी विचारले.

“मले ठाऊक नाही, भाऊ. मात्रा जास्त असली तं मेंदूले इजा होते, हे पक्कं. थोडक्या मात्रेचं अजून कोणालेच नीट सांगता येत नाही. भीतीनंही झोप जाते, अन् झोप गेली का आठवण जाते. साखर पाहू, रक्त पाहू. अन् दरसाल या.”

“तं मंग डॉक्टर कायचे तुमी?”

सर रागावले नाहीत. पुढच्या वर्षी बाबा रुसून तपासणीला गेलेच नाहीत, तेव्हा सर स्वतः तांड्यावर आले, आमच्या ओट्यावर बसून जेवले आणि जेवता जेवता तपासणी उरकली. पुढे वैद्यकीय शिक्षण घेताना इंग्रजी ग्रंथांना भिऊन मी मागच्या बाकावर बसत असे. तेथे शिकवायला येणाऱ्या सरांनी मला प्रत्येक संज्ञा आधी मराठीत समजावली.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. गळती झाली त्या वेळी सर त्याच अणुकेंद्राच्या दवाखान्यात डॉक्टर होते. मजूर आत जात तेव्हा तेही आत जात. काम संपल्यावर नोकरी सोडून ते गावी परतले, आणि तेव्हापासून त्या मजुरांपैकी जे त्यांच्याकडे येतात त्यांना वर्षातून एकदा पाहतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी ते म्हणाले, “आता माझी तपासणी तू करायची.” सवयीने मी विचारले, “सर, आज कुठला बाजार?” सरांनी आतल्या दाराकडे पाहिले. माझ्या हातातले पेन थांबले.

“अवं पोरी, यायले काय विचारतं?” सरांच्या पत्नी शालिनीकाकू आतून आल्या. “लग्नापासून पिशवी धरली नाही यायनं. बाजार मले विचार!”

आम्ही तिघेही हसलो. “चुकलीस,” सर म्हणाले. “माझ्या आयुष्यातलं विचार.”

मी मजुरांची नावे विचारली. आर्णीचे, मुकुटबनचे, एकेकाचे नाव, गाव, कोणाची मुलगी कुठे दिली, सारे ते सांगत गेले. घाटंजीपाशी येऊन थांबले. माझ्याकडे पाहत राहिले. काकूंनीही मान वर केली.

“आणि तुझे बाबा,” सर म्हणाले.

नाव निसटले होते, की मी समोर असल्याने त्यांनी ते मायेने बदलले? मला विचारवले नाही. सरांनी शिकवले तेच मी लिहिले: ‘ठाऊक नाही.’

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त माझे मागणे एवढेच. त्यांना उदंड, निरामय आयुष्य लाभो. पुढल्या वर्षी मी हाच प्रश्न पुन्हा विचारीन. तेव्हा घाटंजीपाशी येताच त्यांनी ‘दलसिंग राठोड’ असे खणखणीत म्हणावे, आणि ‘हाव साहेब’ म्हणायला बाबा शेजारी बसलेले असावेत.